पंडित, न्हावी आणि दातांचे दोतोर

बदलीचा हुकूम हातात पडला की सरकारी माणूस आधी भाड्याची खोली शोधतो, मग मुलांची शाळा, मग गॅस आणि दूध. दातांचा डॉक्टर या यादीत कुठेच नसतो. तो आठवतो रात्री दोन वाजता, दाढ ठणकायला लागल्यावर.

माझे तसेच झाले. वाळपईहून मडगावला बदली झाली आणि आम्ही फातोर्ड्याला बिऱ्हाड केले. तिसऱ्याच आठवड्यात उजव्या बाजूची खालची दाढ उठली. लवंगेचे तेल झाले, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, रात्र गालावर हात ठेवून काढली. वाळपईच्या आमच्या डॉक्टरला माझ्या तोंडाचा सगळा इतिहास पाठ होता. कुठल्या दाढेत कधी सिमेंट भरले, कुठली नुसती राखून ठेवली आहे, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण वाळपई आता दोन बस बदलून जाण्याइतकी लांब पडली होती आणि ऑफिसात नवीन, रजा मागायची कशी? सकाळी वाटेत जी पहिली पाटी दिसली तिथे शिरलो. दहा मिनिटांत दाढ बाहेर! एक्सरे नाही, विचारपूस नाही. दुखणे थांबले म्हणून मीही खुशीत पैसे मोजले.

पुढे सहा महिन्यांनी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती मोकळी जागा बघितली आणि विचारले, "काढण्यापूर्वी फोटो काढला होता?" मी नाही म्हटले. ते क्षणभर थांबून म्हणाले, "रूट कॅनल करून कदाचित वाचली असती." तो 'कदाचित' मला अजून सलतो. दाढेपेक्षा जास्त.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला. परक्या गावात आलेल्या माणसाने कोणाच्या हातात आपले तोंड द्यायचे, हे ठरवायचे कसे? कॉलेजात इतिहास घेतला होता, ती खोड गेलेली नाही. उत्तर शोधताना मडगावातून मी जाऊन पोचलो थेट जुन्या गोव्यात.

गंमत बघा. गोव्याच्या इतिहासात परक्या गावात आलेला, आजारी, कोणाला विचारावे हे न कळणारा पहिला मोठा घोळका कोणाचा, तर पोर्तुगीजांचा! आपण त्यांना राज्यकर्ते म्हणूनच बघतो. पण बोटीतून उतरणारा साधा शिपाई आधी एक रोगी होता. आणि त्याचे दुखणे बहुतेक वेळा हिरड्यांपासून सुरू झालेले असे.

वास्को द गामाच्या पहिल्याच सफरीची हकीगत त्याच्या एका सोबत्याने लिहून ठेवली आहे. ऑक्टोबर १४९८ मध्ये या बोटी आपल्या अंजदीव बेटावरून परत निघाल्या. अरबी समुद्र ओलांडायला तीन महिन्यांना तीनच दिवस कमी लागले. या काळात माणसांच्या हिरड्या इतक्या सुजल्या की त्या दातांवर चढल्या, खाणे अशक्य झाले आणि तीस माणसे मेली. हा रोग म्हणजे स्कर्व्ही. ताजी फळे आणि भाजी मिळाली नाही की होणारा. त्याचे खरे कारण वैद्यकाला नीट कळायला पुढे कित्येक शतके जावी लागली. पोर्तुगालहून गोव्याला यायला चांगली सफर असली तरी पाच-सहा महिने लागत. दात हलणारी, पाय सुजलेली माणसे मांडवीच्या काठाला उतरत आणि थेट इस्पितळात जात.

हे राजाचे इस्पितळ त्या काळी जगात नावाजलेले होते. फ्रान्स्वा पिरार्द नावाचा फ्रेंच प्रवासी १६०८ मध्ये गोव्यात कैदी म्हणून आला. तो स्वतः तिथे रोगी होता आणि त्याने तिथल्या स्वच्छतेची आणि खाण्यापिण्याची भरभरून स्तुती केली आहे. वैद्य, शस्त्रवैद्य, औषधे करणारे आणि रक्त काढणारे न्हावी अशी सगळी पलटण तिथे फेरी मारी. न्हाव्यांचे नाव वाचून दचकू नका. युरोपात दात उपटणे हेसुद्धा न्हाव्याचेच काम होते. आपल्याकडेही गावात जखम फोडायला न्हावी आणि जत्रेत दात काढायला वैदू हे चित्र जुन्या माणसांनी पाहिलेले आहे. ज्याच्या हातात धारदार हत्यार, त्याच्याकडे तोंड उघडायचे, असा सरळ हिशेब होता. मात्र आपल्याकडे दातांचे शास्त्र नव्हते असे समजू नये. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची मोजदाद पासष्ट केलेली आहे. पोथीतले हे ज्ञान जत्रेतल्या चिमट्यापर्यंत किती पोचत होते, हा प्रश्न वेगळा.

तर असे नावाजलेले इस्पितळ. तरी सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत तिथे पंचवीस हजार शिपाई मेले असा आकडा इतिहासकार देतात. अशा शहरात नव्याने आलेल्या माणसाला कोणाचा भरवसा वाटणार? त्याने तेच केले जे आपण करतो. शेजाऱ्याला विचारले. आणि शेजारी सांगत होता, पंडिताकडे जा.

पंडित म्हणजे आपले हिंदू वैद्य. पोर्तुगीज लोक त्यांना याच नावाने ओळखत. गार्सिया द ओर्त हा नामांकित पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. तोही परक्या गावातला नवखाच. त्याने इथल्या औषधींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला आणि त्यातल्या संवादात मालूपा नावाचा एक हिंदू वैद्यही भेटतो. युरोपात शिकलेला हा माणूस इथल्या वैद्यांकडून ऐकून घेत होता. त्या काळाच्या मानाने ही साधी गोष्ट नव्हे. त्याच ओर्तची हाडे त्याच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, तो गुपचूप ज्यू धर्म पाळत होता म्हणून इन्क्विझिशनने उकरून जाळली. शहर कसे होते याची कल्पना यावी म्हणून सांगितले.

आता सरकारची आणि चर्चची बाजू. १५६७ मध्ये गोव्यात चर्चची पहिली प्रांतिक परिषद भरली. तिने ख्रिस्ती माणसाने ख्रिस्तेतर वैद्याकडून औषध घेऊ नये आणि ख्रिस्तेतर न्हाव्याकडून काम करून घेऊ नये असे फर्मान काढले. कागदोपत्री विषय संपला.

पण प्रत्यक्षात काय झाले? ते सांगायला आपल्याला एक उत्तम साक्षीदार लाभला आहे. लिन्शोटेन नावाचा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात होता आणि तो होता खुद्द आर्चबिशपच्या पदरी. म्हणजे हिशेब, पत्रे, कागद सांभाळणारा. आमच्यापैकीच एक म्हणा ना! कारकुनाला साहेबाच्या घरात काय चालते ते सगळे ठाऊक असते. हा लिन्शोटेन लिहून गेला आहे की हिंदू वैद्य केवळ आपल्या लोकांना नव्हे तर पोर्तुगीजांनाही औषध देतात. व्हाइसरॉय, आर्चबिशप, मठातले पाद्री हे सगळे स्वतःच्या देशबांधवांपेक्षा या वैद्यांवर जास्त भरवसा ठेवतात. त्यामुळे त्यांना पैसा आणि मान दोन्ही मिळतो आणि डोक्यावर छत्री धरवून ते शहरातून फिरतात. इतर हिंदूंमध्ये हा मान वकील म्हणून आलेल्यांना किंवा बड्या व्यापाऱ्यांनाच होता.

वीस वर्षांपूर्वी चर्चने बंदी घातली आणि चर्चचा सर्वांत मोठा अधिकारीच पंडिताकडून नाडी बघून घेतो आहे! दुखायला लागले की फर्मान आठवत नाही, कोणाला गुण आला ते आठवते.

माझ्या मते खरी शिकण्यासारखी गोष्ट याच्या पुढची आहे. १६१८ मध्ये गोव्याच्या सेनादोने, म्हणजे नगरसभेने, नवा नियम केला. मुख्य वैद्य किंवा मुख्य शस्त्रवैद्य यांच्याकडे परीक्षा दिल्याशिवाय कोणी धंदा करू नये आणि हिंदू वैद्यांची संख्या तीसपेक्षा जास्त असू नये. पन्नास वर्षांत सरकार बंदीवरून परीक्षेवर आले. लोकांचा भरवसा हुकमाने तोडता येत नाही, फार तर त्याची तपासणी करता येते, हे राज्यकर्त्यांना कळले. तीस ही मर्यादा अर्थातच धर्माच्या तागडीने तोललेली होती, गुणाच्या नव्हे. यादी करणाऱ्याच्या मनात जे असते ते यादीत उतरतेच. हे मी आयुष्यभर नोंदवह्या लिहिणारा माणूस म्हणून सांगतो.

असो. दातांकडे परत येऊ.

दातांचा वेगळा डॉक्टर ही कल्पना तशी अलीकडची. पॅरिसच्या पियेर फोशार याने १७२८ मध्ये दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला आणि न्हाव्याच्या हातातून दात सोडवायला सुरुवात झाली. दंतवैद्यकाचे पहिले कॉलेज निघाले १८४० मध्ये, अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात. पुढे दोनच वर्षांनी, १८४२ मध्ये, आपल्या पणजीत वैद्यकीय शाळा, एस्कोला मेदिका सुरू झाली आणि गोव्यात 'दोतोर' ही पदवी घराण्यांच्या नावाला चिकटली. दातांच्या कॉलेजासाठी मात्र आपल्याला बांबोळीत १९८० पर्यंत वाट पाहावी लागली.

भारतात ही सुरुवात केली डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून शिकून आलेल्या या माणसाने १९२० मध्ये कोलकात्यात पहिले दंतवैद्यक कॉलेज काढले. तोवर आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे शहरांतले दात सांभाळले ते परंपरेने किंवा उमेदवारी करून शिकलेल्या लोकांनी. कोलकाता आणि मुंबईत चिनी दंतवैद्यांच्या पाट्या प्रसिद्ध होत्या. ही मंडळी परक्या देशातून येऊन परक्यांच्या तोंडात हात घालून पोट भरत होती. रोगी नवखा आणि वैद्यही नवखा! १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या हजारो लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबले गेले. त्यांच्या वाट्याला आलेला अविश्वास त्यांच्या हाताच्या कौशल्याबद्दल नव्हता, आडनावाबद्दल होता.

स्वतंत्र भारताने १९४८ मध्ये दंतवैद्यांचा कायदा केला. त्यात नोंदवहीचे दोन भाग पाडले होते, अ आणि ब. अ भागात मान्य पदवी असलेले. ब भागात पदवी नसलेले, पण निदान पाच वर्षे हाच आपला मुख्य चरितार्थ म्हणून करत आलेले. मला हा ब भाग फार शहाणपणाचा वाटतो. सरकारने एका फटक्यात जुन्या हातांना बेकायदा ठरवले नाही. ज्यांच्यावर लोकांनी आधीच भरवसा टाकला होता त्यांना वहीत घेतले आणि पुढच्यांसाठी परीक्षेचे दार उभे केले. सेनादोने तीस माणसे मोजली, इथे काम मोजले. हा जुना कायदा बदलण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये नवा कायदा संमत केला, पण नोंदणी हा पाया त्यातही आहे.

मी त्या सकाळी दोन्ही गोष्टी टाळल्या. कोणाला विचारले नाही आणि भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्र आहे का तेही बघितले नाही. खरे सांगायचे तर प्रमाणपत्र असेलही. वहीत नाव असणे म्हणजे दात वाचवण्याची इच्छा असणे नव्हे. वही इतकेच सांगते की हा माणूस परीक्षा देऊन आला आहे. तो घाई करतो का, ऐकून घेतो का, हे शेजारीच सांगतो. उलट नुसत्या शेजाऱ्याच्या शब्दावर जावे तर जत्रेतला चिमटेवालाही कोणाच्या तरी ओळखीचाच असायचा. आर्चबिशपकडे शेजाऱ्याचा शब्द होता, वही नव्हती. माझ्याकडे वहीचे युग होते, पण शेजारी अजून जोडलेला नव्हता. नवख्याला दोन्ही लागतात. आणि तिसरा एक प्रश्न स्वतः विचारायची हिंमत लागते, "न काढता वाचेल का?"

मुंबईला गेलेले आपले गोवेकर हे ओळखून होते. गावाच्या नावाने चालणाऱ्या कुडीत उतरायचे, तिथला जुना माणूस सांगेल त्या खानावळीत जेवायचे आणि तो सांगेल त्याच डॉक्टरकडे जायचे. आज कुडी ओस पडल्या. आता आपण मोबाइलवरचे तारे मोजतो. तारे देणारा कोण, त्याची दाढ कुठली होती, काही पत्ता नसतो.

गेल्या महिन्यात आमच्या सेक्शनला पेडण्याहून एक मुलगी बदलून आली. दुसऱ्या आठवड्यात गाल धरून माझ्या टेबलापाशी उभी. "काका, इथे दातांचा बरा डॉक्टर कोण?" मी त्या दुसऱ्या डॉक्टरांचे नाव सांगितले, वाट सांगितली आणि वर म्हटले, "आधी फोटो काढायला सांग. काढूया म्हणाले तर का ते विचार. लाजू नकोस."

चार दिवसांनी ती हसत आली. दाढ जागेवर होती.