मोफत शिपिंग आणि एकत्रित शिपिंग

मोफत शिपिंग आणि एकत्रित शिपिंग या ऑनलाइन बाजारपेठांवरील विक्रेत्यांनी टपाल किंवा कुरिअरचा खर्च वसूल करण्याच्या दोन पद्धती आहेत. मोफत शिपिंगमध्ये ग्राहकाकडून शिपिंगपोटी वेगळी रक्कम घेतली जात नाही. विक्रेता तो खर्च वस्तूच्या किमतीत मिळवतो किंवा स्वतःच्या नफ्यातून सोसतो. एकत्रित शिपिंगमध्ये शिपिंग वेगळे आकारले जाते. मात्र एकाच ग्राहकाने एकाच विक्रेत्याकडून अनेक वस्तू घेतल्यास त्या एका पार्सलात पाठवल्या जातात आणि शिपिंग एकदाच, किंवा पहिल्या वस्तूसाठी पूर्ण व पुढील वस्तूंसाठी कमी दराने, घेतले जाते.

पार्सल पोहोचवण्याचा मूळ खर्च पद्धत बदलल्याने नाहीसा होत नाही. तो एक वस्तू घेणारा ग्राहक, अनेक वस्तू घेणारा ग्राहक आणि विक्रेता यांच्यात कसा वाटला जातो, एवढेच या निवडीने ठरते. जुनी पुस्तके, टपाल तिकिटे, नाणी, हस्तकलेच्या वस्तू यांसारख्या कमी किमतीच्या मालाचा व्यापार करणाऱ्या लहान विक्रेत्यांच्या बाबतीत शिपिंगचा खर्च वस्तूच्या किमतीच्या मानाने मोठा असतो. त्यामुळे त्यांच्या नफ्यातोट्यावर या निवडीचा थेट परिणाम होतो.

पार्श्वभूमी

टपालाने माल विकण्याची प्रथा इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. भारतात १८७७ साली व्ही. पी. पी. म्हणजे मूल्यदेय टपाल सेवा सुरू झाली आणि माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय झाली. मराठी ग्रंथव्यवहारात पुस्तकाच्या किमतीपुढे ‘टपालखर्च वेगळा’ किंवा ‘टपालखर्चासह’ असे छापण्याची पद्धत रूढ होती. आजच्या वेगळ्या आणि अंतर्भूत शिपिंगमधील भेद याच स्वरूपाचा आहे.

अमेरिकेत १९९५ साली स्थापन झालेल्या ईबे या संकेतस्थळावर किरकोळ विक्रेते वस्तूची किंमत आणि शिपिंग वेगवेगळे मांडत. संग्राहक एकाच विक्रेत्याकडून अनेक लहान वस्तू घेत असल्याने तेथे एकत्रित शिपिंगची प्रथा रुजली. ॲमेझॉनने २००२ च्या सुरुवातीला ९९ डॉलरवरील खरेदीसाठी मोफत शिपिंग कायमस्वरूपी सुरू केले आणि ही मर्यादा त्याच वर्षी २५ डॉलरपर्यंत खाली आणली. फेब्रुवारी २००५ मध्ये ॲमेझॉन प्राइम ही वार्षिक ७९ डॉलर वर्गणीची योजना आली. तिच्यात सदस्यांना पात्र वस्तू दोन दिवसांत वेगळ्या शुल्काविना मिळू लागल्या. या योजनांमुळे शिपिंगचे पैसे वेगळे द्यावे लागू नयेत ही ग्राहकांची अपेक्षा बळावली. मोठ्या कंपन्यांकडे असलेली गोदामे आणि वाहतूकदारांशी ठरवलेले घाऊक दर हाती नसतानाही लहान विक्रेत्यांना या अपेक्षेला तोंड द्यावे लागले.

हस्तनिर्मित वस्तूंसाठी ओळखल्या जाणाऱ्या एट्सी या बाजारपेठेने जुलै २०१९ मध्ये अमेरिकेतील ग्राहकांच्या शोधनिकालांत मोफत शिपिंग देणाऱ्या वस्तूंना, तसेच ३५ डॉलर व त्यावरील खरेदीवर मोफत शिपिंगची हमी देणाऱ्या दुकानांना प्राधान्य देण्याचे जाहीर केले. अशा प्राधान्यामुळे शिपिंगचा निर्णय हिशेबापुरता राहिला नाही. वस्तू ग्राहकाच्या नजरेस पडणार की नाही, हेही त्यावर अवलंबून राहू लागले. मातीची भांडी किंवा लाकडी सामान अशा जड वस्तू विकणाऱ्यांना ही अट अधिक जाचक ठरते, कारण किमतीत मिळवावी लागणारी रक्कम त्यांच्या बाबतीत मोठी असते.

खर्चाची रचना

टपाल व कुरिअरचे दर बहुधा वजनाच्या टप्प्यांनुसार ठरतात. पहिल्या टप्प्याचा दर सर्वाधिक असतो आणि पुढील वजनासाठी त्या मानाने कमी पैसे पडतात. खोके, चिकटपट्टी, पत्त्याचे लेबल आणि पार्सल बांधण्याचे श्रम हेदेखील वस्तूगणिक न वाढता पार्सलगणिक वाढतात. एकत्रित शिपिंगमधील बचत या रचनेतून निर्माण होते.

भारतीय टपाल खात्याने १ मे २०२५ रोजी सुरू केलेली ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा याचे स्पष्ट उदाहरण आहे. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक व धार्मिक पुस्तकांसाठी असलेल्या या सेवेचा आरंभीचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये (कर वगळून) असा ठेवण्यात आला. पॅकिंगसह प्रत्येकी ३०० ग्रॅम भरणारी १६ पुस्तके या दराने वेगवेगळी पाठवल्यास ३२० रुपये लागतात. तीच पुस्तके ४.८ किलोच्या एका पार्सलात १०० रुपयांत जातात.

हलक्या पण आकाराने मोठ्या वस्तूंना हा नियम तितकासा लागू पडत नाही. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारणी करतात. आकारमानी वजन काढण्यासाठी लांबी, रुंदी व उंची (सेंटिमीटरमध्ये) यांच्या गुणाकाराला सामान्यतः ५००० ने भागले जाते. ३० × २५ × २० सेंमीच्या खोक्याचे आकारमानी वजन ३ किलो येते. त्यातील मालाचे प्रत्यक्ष वजन १ किलो असले तरी पैसे ३ किलोचे द्यावे लागतात. उशा किंवा कागदी आकाशकंदील अशा वस्तू एकत्र बांधल्यास खोकेही मोठे होते आणि बचत घटते.

तुलनात्मक उदाहरण

पुढील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत. वस्तूची मूळ किंमत २०० रुपये, एका वस्तूच्या पार्सलाचा खर्च ६० रुपये आणि त्याच पार्सलात घातलेल्या पुढील प्रत्येक वस्तूचा वाढीव खर्च १५ रुपये मानू.

एकत्रित शिपिंगमध्ये एका वस्तूसाठी ग्राहक २६० रुपये देतो. तीन वस्तूंसाठी ६०० अधिक ९०, म्हणजे ६९० रुपये देतो. विक्रेत्याकडे शिपिंग वजा जाता वस्तूमागे २०० रुपयेच राहतात.

मोफत शिपिंगमध्ये पूर्ण खर्च किमतीत मिळवल्यास वस्तूची किंमत २६० रुपये होते. एक वस्तू घेणाऱ्याला काहीच फरक पडत नाही. तीन वस्तू घेणारा मात्र ७८० रुपये देतो. पार्सल एकच गेले असले तरी त्याने पहिल्या वस्तूच्या दराचे शिपिंग तीनदा भरलेले असते, आणि वरचे ९० रुपये विक्रेत्याकडे राहतात.

हा फरक टाळण्यासाठी काही विक्रेते सरासरी खर्च किमतीत मिळवतात. सरासरी खरेदी दोन वस्तूंची असेल, तर दोन वस्तूंच्या पार्सलाचा ७५ रुपये खर्च निम्मा करून किंमत २३७.५० रुपये ठेवता येते. या किमतीला एक वस्तू विकताना विक्रेत्याला २२.५० रुपये कमी पडतात आणि तीन वस्तू विकताना तेवढेच जास्त मिळतात. याचा अर्थ, अनेक वस्तू घेणारा ग्राहक एक वस्तू घेणाऱ्याच्या शिपिंगचा काही भाग उचलतो.

हा समतोल टिकाऊ नसतो. एकेक वस्तू घेणाऱ्यांना २३७.५० रुपये ही किंमत स्वस्त वाटते, तर अनेक वस्तू घेणाऱ्यांना एकत्रित शिपिंग देणारा दुसरा विक्रेता परवडतो. पहिल्या प्रकारचे ग्राहक वाढले आणि दुसऱ्या प्रकारचे घटले की सरासरी खरेदी दोन वस्तूंच्या खाली येते आणि ठरवलेली किंमत खर्च भरून काढण्यास अपुरी पडते. विक्री वाढत असूनही नफा कमी होण्याचे हे एक कारण असते.

कमिशनचा परिणाम

बाजारपेठ कमिशन कशावर आकारते, यावर हिशेब बदलतो. कमिशन केवळ वस्तूच्या किमतीवर असेल, तर शिपिंग वेगळे दाखवणाऱ्याला ते कमी पडते. काही विक्रेते याचा फायदा घेऊन वस्तूची किंमत नाममात्र आणि शिपिंग अवाजवी ठेवत. ईबेने २०११ मध्ये अमेरिकेत शिपिंगच्या रकमेवरही कमिशन आकारण्यास सुरुवात केली. एट्सीने २०१८ मध्ये व्यवहार शुल्क ३.५ टक्क्यांवरून ५ टक्के केले आणि ते शिपिंगलाही लागू केले. एप्रिल २०२२ पासून हे शुल्क ६.५ टक्के झाले. एकूण रकमेवर कमिशन असल्यास एका वस्तूच्या विक्रीत दोन्ही पद्धतींचे कमिशन सारखेच येते. त्यामुळे शिपिंग वेगळे दाखवून शुल्क वाचवण्याचा हेतू उरत नाही.

ग्राहकांचे वर्तन

किमतीचे भाग पाडून दाखवल्यास ग्राहक एकूण रक्कम कमी आठवतात, असे विकी मॉर्विट्झ, एरिक ग्रीनलीफ आणि एरिक जॉन्सन यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आढळले. तंजिम हुसेन आणि जॉन मॉर्गन यांनी ईबेवर संगीताच्या सीडी व एक्सबॉक्सचे खेळ लिलावात विकून प्रयोग केले. त्यांच्या २००६ च्या निबंधानुसार, एकूण किमान रक्कम तीच ठेवून सुरुवातीची बोली कमी आणि शिपिंग जास्त ठेवल्यास अनेकदा अधिक उत्पन्न मिळाले. शिपिंग वस्तूच्या मूल्याच्या मानाने फार मोठे झाल्यावर मात्र हा परिणाम दिसला नाही.

शून्य किमतीचे आकर्षण याच्या उलट दिशेने काम करते. क्रिस्टिना शॅम्पानिए, नीना मझार आणि डॅन एरियली यांच्या २००७ च्या निबंधात चॉकलेटच्या प्रयोगांचे वर्णन आहे. दोन चॉकलेटांच्या किमती सारख्याच रकमेने उतरवल्या असता, जे फुकट झाले त्याकडे ग्राहक प्रमाणाबाहेर वळले. ‘मोफत शिपिंग’ या शब्दांचा प्रभाव याच प्रवृत्तीशी जोडला जातो.

अंमलबजावणीतील अडचणी

एकत्रित शिपिंगसाठी ग्राहकाच्या सर्व वस्तू एकाच बिलात याव्या लागतात. ग्राहकाने प्रत्येक वस्तूचे पैसे स्वतंत्रपणे भरल्यास विक्रेत्याला जादा शिपिंग परत करावे लागते. लिलाव वेगवेगळ्या दिवशी संपत असतील, तर पैसे किती दिवस थांबवायचे हे आधी ठरवावे लागते. एकच पार्सल हरवले किंवा भिजले तर सर्व वस्तूंचे नुकसान होते. म्हणून मौल्यवान वस्तूंसाठी विमा घेतला जातो किंवा त्या वेगळ्या पाठवल्या जातात.

मोफत शिपिंगमध्ये माल परत आल्यावर प्रश्न उद्भवतो. किमतीतच शिपिंग असल्याने पूर्ण किंमत परत करताना जाण्याचा खर्चही विक्रेत्याच्या माथी येतो. युरोपीय संघात शिपिंग वेगळे घेतले असले तरी यातून सुटका नाही. तेथील २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार, ग्राहकाने मुदतीत करार मागे घेतल्यास नेहमीच्या वितरणाचा खर्चही परत करावा लागतो.

भारतातील स्थिती

भारतातील मोठ्या बाजारपेठांवर पार्सल उचलणे व पोहोचवणे हे काम बरेचदा बाजारपेठेची स्वतःची किंवा तिने नेमलेली यंत्रणा करते. विक्रेत्याच्या देय रकमेतून वजन आणि अंतरानुसार शुल्क कापले जाते. अशा व्यवस्थेत वस्तू एकत्र बांधण्याचा निर्णय विक्रेत्याच्या हाती फारसा राहत नाही. माल हाती आल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीत ग्राहकाने पार्सल नाकारल्यास ते विक्रेत्याकडे परत येते. व्यापारी व्यवहारात याला ‘आरटीओ’ म्हणतात. स्वतःचे संकेतस्थळ किंवा समाजमाध्यमांवरून थेट विक्री करणाऱ्यांना एकत्रित शिपिंग देणे तुलनेने सोपे असते.

या विषयाशी संबंधित प्रमुख कायदेशीर तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत:

• ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार एकूण किंमत एका आकड्यात आणि वितरण, टपाल व हाताळणी शुल्काच्या तपशिलासह दाखवणे आवश्यक आहे.
• नोव्हेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या ‘डार्क पॅटर्न’विषयक मार्गदर्शक तत्त्वांत सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटी शुल्के वाढवण्याच्या प्रकाराचा अनुचित व्यवहारांत समावेश आहे.
• वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार आवेष्टित वस्तू छापील कमाल किरकोळ किमतीपेक्षा जास्त दराने विकता येत नाही. त्यामुळे इतरांचा माल विकणाऱ्याला शिपिंग किमतीत मिळवण्यास या छापील किमतीची मर्यादा असते.
• केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ मध्ये माल, त्याचे पॅकिंग, वाहतूक व विमा यांचा एकत्र पुरवठा हे ‘संयुक्त पुरवठ्या’चे उदाहरण दिले आहे. अशा पुरवठ्यास मुख्य वस्तूचा कर लागू होतो. म्हणून शिपिंग वेगळे दाखवल्याने कराचा दर बदलत नाही.

मिश्र पद्धती

अनेक विक्रेते दोन्ही पद्धतींचा मेळ घालतात. ठरावीक रकमेवरील खरेदीला मोफत शिपिंग देणे हा सर्वांत प्रचलित प्रकार आहे. यात लहान खरेदी करणारा आपला खर्च स्वतः देतो आणि मोठ्या खरेदीतील बचत ग्राहकाला परत मिळते. दुसऱ्या प्रकारात शिपिंग किमतीत मिळवून दुसऱ्या वस्तूपासून सूट दिली जाते. वरील उदाहरणात पुढील प्रत्येक वस्तूवर ४५ रुपये सूट दिल्यास तीन वस्तूंची रक्कम ६९० रुपये, म्हणजे एकत्रित शिपिंगएवढीच, होते. सर्वसाधारणपणे एकेकटी विकली जाणारी, महाग किंवा अवजड वस्तू मोफत शिपिंगला, तर संग्रहासाठी गटाने घेतल्या जाणाऱ्या लहान व स्वस्त वस्तू एकत्रित शिपिंगला अधिक अनुकूल असतात.

हे सुद्धा पहा

• ई-कॉमर्स
• मूल्यदेय टपाल
• भारतीय टपाल खाते
• कमाल किरकोळ किंमत