उभीं केलेलीं माणसें आणि चालता वाघ

जुन्या हिंदुस्थानांतील छायाचित्रांचे संग्रह चाळतांना एक गोष्ट आमच्या ध्यानांत वारंवार येते. देवळें, लेणीं, घाट, राजवाडे यांचीं चित्रें विपुल, माणसांचींही पुष्कळ, परंतु रानांत मोकळेपणीं हिंडणाऱ्या पशूचें चित्र पाहूं गेल्यास हातीं फारसें लागत नाहीं. दिसतो तो मेलेला वाघ, आणि त्याच्यापाशीं बंदूक टेकून उभा राहिलेला शिकारी.

याचें कारण त्या काळच्या कृतींतच होतें. इ. स. १८५१ त फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें ओल्या कोलोडियनची रीत प्रसिद्ध केली. काचेवर कोलोडियन ओतावयाचें, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली आहे तोंच चित्र घ्यावयाचें, आणि सुकण्यापूर्वीं अंधाऱ्या तंबूंत धुऊनही काढावयाची. वैशाखाच्या उन्हांत हा खटाटोप करणारांचे काय हाल होत असतील, याची कल्पनाच करावी! सॅम्युअल बोर्न हा १८६३ त इकडे आला. हिमालयांतील त्याच्या सफरींत काचा, रसायनें व तंबू वाहण्यास हमालांचा तांडाच लागे. १८६६ त मणिरंग खिंडींत सुमारें १८,६०० फूट उंचीवर त्यानें चित्रें घेतलीं. डोंगर हलत नाहीं, एवढी त्याची सोय होती.

माणसास ‘हलूं नको’ असें सांगतां येतें, आणि तें सांगितलेंही गेलें. मुंबईंत १८५४ त फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या कामांत भाग घेणाऱ्या एतद्देशीयांपैकीं एक होत. त्याच शहरांत विल्यम जॉन्सन यानें तेथील जातिजमातींच्या चित्रांचे दोन भाग १८६३ व १८६६ त काढले. दुसरा भाग महाराष्ट्राचा. या चित्रांतील मौज अशी कीं, माणसें टिपलीं चित्रशाळेंत आणि मागून बसविलीं दुसऱ्याच एखाद्या देखाव्यावर. पुढें १८६८ ते १८७५ या काळांत सरकारनें ‘पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड छापले. त्यांत माणूस नमुना म्हणून उभा आहे. बहुधा त्याची जात कळते, नांव कळत नाहीं. तथापि हे संग्रह टाकाऊ ठरवावेत, असें आम्हांस वाटत नाहीं. देखावा उसना असला तरी पागोट्याचे पेच आणि लुगड्याची नेसण खरीच आहे. चेहऱ्यावरचा अवघडलेपणा तर अगदींच खरा!

वाघाला मात्र उभें करणें कोणास साधलें नाहीं. सुक्या काचा आल्या, विजेरी भुकटी आली, तेव्हां संयुक्त प्रांतांतील एक वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यानें शिवालिकच्या रानांत निराळी युक्ति योजिली. वाघाच्या नेहमींच्या वाटेवर रात्रीं बारीक तार ताणून ठेवावयाची. पाय लागला कीं मॅग्नेशियमचा भडका उडून चित्र निघावयाचें. अमेरिकेंत जॉर्ज शायरस यानें हा प्रयोग आधीं केला होता, हें येथें सांगितलें पाहिजे. चॅम्पियनचे वाघ ऑक्टोबर १९२५ त ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्यें झळकले व १९२७ त त्याचा ग्रंथ निघाला. यंत्रामागें कोणीच नाहीं, आणि वाघ आपल्या चालीनें चालला आहे! जॉन्सनच्या माणसांना हें भाग्य लाभलें नव्हतें.

प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे, हें चॅम्पियननें या चित्रांवरून हेरलें. उल्हास कारंथ यांनीं १९९० नंतरच्या दशकांत नागरहोळेच्या रानांत त्याच पट्ट्यांवरून वाघांची गणती शास्त्रशुद्ध केली. २०१८-१९ च्या देशव्यापी गणनेंत कॅमेरे २६,८३८ ठिकाणीं लावले होते. सुमारें ३ कोटी ४८ लक्ष चित्रें निघालीं, आणि त्यांत वाघाचीं ७६,६५१.

पण ती तार, किंवा आतांचें तिचें अदृश्य रूप, पाय कोणाचा हें पाहत नाहीं. हिमालयाच्या त्याच पायथ्याशीं, कॉर्बेटच्या अरण्यांत, सरपण व गवत आणावयास जाणाऱ्या बायका या कॅमेऱ्यांत सांपडतात. २०२४ त प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत त्यांची हकीकत आली आहे. रानांत शिरतांना त्या मोठ्यानें गात, म्हणजे वाघ-हत्ती दूर राहत. कॅमेरे आल्यापासून आपणांस कोणी पाहतें आहे, या भयानें त्यांचा आवाज खालीं आला आहे.