फ्लिप-अप हेल्मेट घेताय? आधी लॉक तपासा, ब्लूटूथचं नंतर बघा!

नवीन फोन घेताना आपण प्रोसेसर, रॅम, बॅटरी असं सगळं चार-चार दिवस बघत बसतो. हेल्मेट घ्यायची वेळ आली की मात्र रंग आणि ग्राफिक्स बघून पाच मिनिटांत पैसे देऊन मोकळे होतो. मीही हेच केलं होतं. माझं पहिलं फ्लिप-अप हेल्मेट मी हायवेच्या कडेच्या एका स्टॉलवरून घेतलं. दिसायला एकदम भारी होतं. चार महिन्यांत त्याचं डावीकडचं लॉक लागेनासं झालं आणि गाडी खड्ड्यात आदळली की हनुवटीचा भाग आपोआप वर जायला लागला. तोपर्यंत मला वाटत होतं की मी फुल-फेस हेल्मेट घालून फिरतोय!

तुमच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून फ्लिप-अप हेल्मेट निवडताना काय बघायचं, काय तपासायचं आणि त्यात फोनचा उपयोग कसा करायचा हे या लेखात बघूया.

फ्लिप-अप हेल्मेट म्हणजे काय?

ज्या हेल्मेटचा हनुवटीसमोरचा भाग काचेसकट वर उचलता येतो ते फ्लिप-अप हेल्मेट. यालाच मॉड्युलर हेल्मेट असंही म्हणतात. बंद केलं की फुल-फेस, उघडलं की तोंड मोकळं.

याचे फायदे खरेच आहेत. चष्मा लावणाऱ्यांना चष्मा न काढता हेल्मेट घालता येतं. पेट्रोल पंपावर बोलायला, कुणाला रस्ता विचारायला, घाटात थांबून चहा प्यायला पूर्ण हेल्मेट काढावं लागत नाही.

तोटेही समजून घ्या. बिजागरी आणि लॉक यांमुळे ते तशाच फुल-फेस हेल्मेटपेक्षा जड असतं. बरीच फ्लिप-अप हेल्मेट दीड किलोच्या पुढे जातात. जोड असल्यामुळे वाऱ्याचा आवाज थोडा जास्त येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फुल-फेसमध्ये हनुवटीचा भाग कवचाचाच एक तुकडा असतो, फ्लिप-अपमध्ये तो फक्त लॉकच्या भरवशावर असतो.

हनुवटीचा भाग इतका महत्त्वाचा का?

आपटताना डोक्याचा वरचा भागच लागतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात गाडीवरून पुढे फेकला गेलेला माणूस बऱ्याचदा तोंडावर पडतो. जर्मनीतले अपघात संशोधक डिट्मार ओट्टे यांनी अपघातग्रस्त मोटरसायकलस्वारांच्या हेल्मेटवर मार कुठे बसला याचा अभ्यास केला. त्यात जवळपास एक तृतीयांश मार हनुवटीच्या भागावर बसलेला दिसला.

म्हणजे लॉक लागलेलं नसेल किंवा आपटल्यावर उघडलं, तर तुमचा जबडा आणि चेहरा उघडा पडतो. म्हणून फ्लिप-अप घेताना पहिला प्रश्न एकच: याचं लॉक टिकेल का?

१. दुकानात लॉक कसं तपासायचं?

हे काम दोन मिनिटांचं आहे, दुकानदार घाई करत असला तरी करा.

* हेल्मेट उघडून आत बघा. दोन्ही बाजूंना लॉकचे हूक किंवा पिना असतात. त्या धातूच्या असतील तर चांगलं. पूर्ण प्लास्टिकच्या असतील तर दुसरं मॉडेल बघा.
* हनुवटीचा भाग सावकाश बंद करा. दोन्ही बाजूंनी खटका बसल्याचा आवाज आला पाहिजे. काही हेल्मेटमध्ये एकच बाजू अडकते आणि आपल्याला बंद झाल्यासारखं वाटतं.
* बंद केल्यावर आधी डावा कोपरा, मग उजवा कोपरा धरून वर ओढा. कुठेही फट पडता कामा नये.
* उघड-बंद किमान वीस वेळा करा. बटण अडकतंय का, बिजागरी हलतेय का बघा.
* हातमोजे घालून, एका हाताने उघडता येतंय का ते बघा. अडचणीच्या वेळी हेच उपयोगी पडतं.

आता फोनवर करायचं काम. ब्रिटनच्या वाहतूक खात्याची ‘शार्प’ नावाची योजना २००७ पासून हेल्मेटला १ ते ५ स्टार देते. फ्लिप-अप हेल्मेटसाठी तिथे आणखी एक आकडा असतो: आपटण्याच्या चाचण्यांमध्ये किती टक्के वेळा लॉक बंद राहिलं. स्टार चांगले पण लॉकचा आकडा कमी, असंही होऊ शकतं. यादीत फक्त ब्रिटनमध्ये विकली जाणारी मॉडेल असतात, त्यामुळे आपल्याकडची सगळी सापडणार नाहीत. तुमचं मॉडेल सापडलं, तर आधी लॉकचा आकडा बघा.

२. आयएसआय मार्क खरा आहे का? फोनवर तपासा

भारतात दुचाकीच्या हेल्मेटसाठी आयएस ४१५१ हे मानक आहे. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट बनवायला, आयात करायला आणि विकायला बंदी आहे. पण स्टिकर कुणीही छापू शकतो. माझ्या त्या स्टॉलवरच्या हेल्मेटवर आयएसआय लिहिलेलं होतं, फक्त त्याखाली नंबरच नव्हता!

खऱ्या मार्कमध्ये तीन गोष्टी असतात. वर ‘आयएस ४१५१’, मध्ये आयएसआयचं चिन्ह आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा लायसन्स नंबर. आता असं करा:

१) फोनमध्ये ‘बीआयएस केअर’ अ‍ॅप घ्या. सोन्याच्या दागिन्यांचा हॉलमार्क तपासतात तेच हे सरकारी अ‍ॅप.
२) त्यात लायसन्स तपासायचा पर्याय निवडा.
३) हेल्मेटवरचा सीएम/एल नंबर टाका.
४) कंपनीचं नाव, उत्पादन आणि लायसन्स चालू आहे की नाही हे दिसेल.

अ‍ॅपमध्ये दुसऱ्याच कंपनीचं नाव आलं, किंवा लायसन्स बंद दिसलं, तर ते हेल्मेट तिथेच ठेवा. तक्रारही याच अ‍ॅपमधून करता येते.

‘डॉट’ स्टिकर बघून भुलू नका. डॉट हे अमेरिकेचं मानक आहे. तिथे कंपनी स्वतःच आपलं हेल्मेट मानकात बसतं असं जाहीर करते आणि सरकार बाजारातून काही नमुने उचलून तपासतं. आपल्याकडे नुसता डॉटचा स्टिकर म्हणजे काहीच नाही.

३. पी आणि जे: छोटी अक्षरं, मोठा फरक

थोड्या महाग हेल्मेटवर आयएसआयसोबत युरोपचं ईसीई प्रमाणपत्रही असतं. जुनं मानक २२.०५ आणि नवीन २२.०६. नवीन मानकात वेगवेगळ्या वेगाने आणि तिरप्या कोनातून आपटण्याच्या चाचण्या वाढवल्या आहेत, म्हणून शक्य असेल तर २२.०६ घ्या.

हनुवटीच्या पट्ट्यावर शिवलेलं लेबल फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा. गोलात ‘ई’ आणि शेजारी एक आकडा दिसेल. तो आकडा कोणत्या देशात मंजुरी मिळाली ते सांगतो, दर्जा नाही. त्याखालच्या नंबराची सुरुवात ०५ किंवा ०६ने होते, आणि नंबरातच तिरप्या रेघेनंतर ही अक्षरं येतात:

* पी: बंद असताना हनुवटीचं संरक्षण करतं. गाडी चालवताना बंदच ठेवायचं.
* जे: उघड्या तोंडाचं हेल्मेट म्हणून मंजूर.
* पी/जे: दोन्ही प्रकारे मंजूर.
* एनपी: हनुवटीचा भाग आहे, पण तो संरक्षणासाठी मंजूर नाही. हे घेऊ नका.

लेबलवर पी/जे नसेल, किंवा ईसीईचं लेबलच नसेल, तर साधा नियम: गाडी सुरू, हेल्मेट बंद. उघडा भाग वेगात वाऱ्याला अडतो आणि मान मागे ओढली जाते. पी/जे असलं तरी उघडं ठेवून चालवताना तुमचा चेहरा उघडाच आहे हे विसरू नका. ते सिग्नलपुरतं, पार्किंगपुरतं ठीक आहे.

४. साईज: चार्जिंग केबलने डोकं मोजा

घरात मोजायची टेप नसेल तर चार्जिंगची केबल घ्या. भुवयांच्या वर साधारण एक इंचावरून, कानांच्या वरून, डोक्याच्या मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून गोल फिरवा. जिथे टोक जुळेल तिथे बोटाने धरा आणि पट्टीने मोजा. तीन वेळा मोजा, सगळ्यात मोठा आकडा धरा.

एका कंपनीचा ‘एम’ दुसऱ्या कंपनीचा ‘एल’ असू शकतो. म्हणून अक्षर नाही, मिलिमीटरचा आकडा बघा. ५८ सेंटिमीटर म्हणजे ५८० मिमी.

घातल्यावर हे बघा:

* गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. नवीन फोम काही दिवसांत बसतो, म्हणून पहिल्याच दिवशी ‘एकदम आरामात’ बसणारं हेल्मेट पुढे सैल होतं.
* डोकं हलवल्यावर हेल्मेट डोक्यासोबत हललं पाहिजे, एकटं फिरता कामा नये.
* पट्टा लावून कुणाला तरी हेल्मेट मागून वर-पुढे ढकलायला सांगा. ते निघालं तर साईज चुकली.
* दहा मिनिटं घालून ठेवा. कपाळावर एकाच ठिकाणी ठणकायला लागलं तर आकार तुमच्या डोक्याचा नाही.
* चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून बघा.

५. कवच, काच आणि पावसाळा

कवच एबीएस प्लास्टिक, पॉलिकार्बोनेट किंवा फायबरग्लासचं असतं. फायबरग्लास सहसा महाग असतं, पण नुसत्या मटेरियलच्या नावावरून हेल्मेट चांगलं ठरत नाही. मार शोषून घेण्याचं मुख्य काम आतल्या थर्माकोलसारख्या जाड थराचं असतं. त्याला ईपीएस म्हणतात. एकदा तो दबला की परत फुगत नाही. म्हणूनच मोठा अपघात झाला की बाहेरून ठीक दिसणारं हेल्मेटही बदलायचं.

पावसाळ्यात ताम्हिणी किंवा माळशेजला गेला असाल तर काचेवर वाफ धरणं म्हणजे काय ते सांगायला नको. काचेच्या आतल्या बाजूला दोन छोट्या पिना आहेत का बघा. तिथे पिनलॉक नावाची दुसरी पातळ काच बसते आणि वाफ धरणं खूप कमी होतं. रात्री चालवत असाल तर बाहेरची काच पारदर्शकच घ्या. उन्हासाठी आतला काळा सन-व्हायझर असतो, तो रात्री वर ठेवायचा.

६. ब्लूटूथ आणि कॅमेरा

इंटरकॉम लावायचा असेल तर कानाजवळ स्पीकरसाठी तयार खाच आहे का बघा. नसेल तर जागा करायला ईपीएस कापू नका, तिथलं संरक्षण तुम्ही स्वतःच काढून टाकता. फ्लिप-अपमध्ये हनुवटीचा भाग वर-खाली होतो, त्यामुळे तिथे चिकटवायचा वायरचा माईक ताणला जातो. दांडीवाला माईक घ्या.

व्लॉगिंगसाठी हनुवटीवर अ‍ॅक्शन कॅमेरा लावायचाय? फ्लिप-अपमध्ये तो भार थेट बिजागरी आणि लॉकवर येतो. त्यासाठी फुल-फेस हेल्मेटच बरं.

बजेट किती ठेवायचं?

आयएसआय असलेली फ्लिप-अप हेल्मेट साधारण दीड-दोन हजारांपासून मिळतात. स्टड्स, स्टीलबर्ड आणि बेळगावची व्हेगा या कंपन्या या रेंजमध्ये आहेत. पाच हजारांच्या आसपास आणि पुढे ईसीई, पिनलॉक, धातूचं लॉक अशा गोष्टी मिळायला लागतात. बजेट दीड हजारच असेल तर माझं मत स्पष्ट आहे: त्या पैशांत साधं, चांगलं फुल-फेस घ्या. कमी पैशात तडजोड होते ती बहुतेक वेळा लॉकमध्ये.

नेहमीचे प्रश्न

पट्टा न लावता घातलं तर चालतं का?
नाही. मोटर वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेट पट्ट्याने घट्ट बांधलेलं असावं असंच म्हटलंय, आणि मागे बसणाऱ्यालाही ते लागू आहे. कलम १९४डी मध्ये १००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स रोखण्याची तरतूद आहे. दंड सोडा, बिनपट्ट्याचं हेल्मेट तुमच्या आधी रस्त्यावर पडतं.

हेल्मेट कशाने पुसायचं?
सौम्य साबण आणि पाणी. पेट्रोल किंवा थिनर कधीच नाही, त्याने पॉलिकार्बोनेट कमजोर होतं. बिजागरीतली धूळ मऊ ब्रशने काढा.

आरशाला अडकवून ठेवलं तर?
आतल्या ईपीएसला खड्डा पडतो. सीटवर किंवा टाकीवर ठेवा, घसरणार नाही असं.

स्क्रीनशॉट काढून ठेवा

✔ दोन्ही बाजूंचा खटका ऐकला, दोन्ही कोपरे ओढून पाहिले
✔ सीएम/एल नंबर बीआयएस केअरमध्ये तपासला
✔ लेबलवर पी किंवा पी/जे आहे, एनपी नाही
✔ मिमीमध्ये साईज जुळली, दहा मिनिटं घालून पाहिलं
✔ चष्म्यासकट बसलं
✔ बनवल्याचा महिना-वर्ष पाहिलं, बिल घेतलं

आणि एक सवय लावून घ्या. गाडीला किक मारण्याआधी हनुवटीचा भाग एकदा हाताने वर ढकलून बघा. नाही उघडला तरच निघा. मी आता रोज तेच करतो.