पेन्शन, शेती आणि श्रेयांक

१९६४ साली बेंगळुरूत काही आठवड्यांच्या अंतराने दोन विद्यापीठे सुरू झाली. जुलैत बेंगळुरू विद्यापीठ आणि ऑगस्टमध्ये हेब्बाळचे कृषी विज्ञान विद्यापीठ. शहर एक, सरकार एक, साल एक. पण पदवी कशाच्या बळावर द्यायची याचे दोघांचे उत्तर वेगळे होते. पहिल्याकडे वर्षाअखेरचा लेखी पेपर होता आणि विद्यार्थ्याला न ओळखणारा परीक्षक. दुसऱ्याकडे वर्षाचे तुकडे पाडलेले, प्रत्येक तुकड्यात विषय, प्रत्येक विषयाला ठरावीक श्रेयांक, आणि जो शिकवेल त्यानेच गुण द्यायचे. आज विद्यार्थ्याच्या नावे उघडले जाणारे ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे खाते या दुसऱ्या घराण्यातले आहे. हे घराणे हार्वर्डहून आले असे कुणी सांगतो, कुणी युरोपचे नाव घेतो, कुणी आयआयटीचे. माझ्या मते ते आपल्याकडे शेतीच्या वाटेने आले, आणि त्याचे मूळ शोधत गेले तर गाडी शेवटी प्राध्यापकांच्या पेन्शनपाशी थांबते.

अँड्र्यू कार्नेगीने १९०५ साली अमेरिकेतल्या प्राध्यापकांना निवृत्तिवेतन मिळावे म्हणून एक कोटी डॉलर दिले. पैसे वाटायचे तर आधी कॉलेज कशाला म्हणायचे हे ठरवणे आले, कारण त्या काळात अमेरिकेत कोणतीही शाळा स्वतःला कॉलेज म्हणवून घेऊ शकत होती. हेन्री प्रिचेट यांच्या हाताखालच्या कार्नेगी प्रतिष्ठानने अटी घातल्या: किमान सहा पूर्णवेळ प्राध्यापक हवेत, चार वर्षांचा अभ्यासक्रम हवा, आणि प्रवेश घेणाऱ्याने माध्यमिक शाळेत चौदा ‘युनिट’ पुरे केलेले हवेत. एक युनिट म्हणजे एका विषयाचे साधारण १२० तास. ज्ञान तासांत मोजावे ही कुणा शिक्षणतज्ज्ञाची हौस नव्हती. पेन्शनसाठी पात्र कोण याची यादी करायची होती. पण म्हातारपणीची सोय कुणाला नको असते? कॉलेजांनी आपापले नियम त्या मापाला जुळवून घेतले. १९१० साली मॉरिस कुक या अभियंत्याने याच प्रतिष्ठानसाठी विद्यापीठांच्या कार्यक्षमतेचा अहवाल लिहिला. तो फ्रेडरिक टेलरचा शिष्य. कारखान्यात मजुराच्या कामाचे तास मोजावेत तसे विद्यार्थ्यांचे तास मोजावेत, असे त्याने सुचवले. माध्यमिक शाळेचे युनिट आणि कॉलेजचा ‘क्रेडिट अवर’ ही दोन मापे वेगळी खरी, पण वाढली एकाच अंगणात.

यावर जाणकार हरकत घेतात की चार्ल्स एलियट १८६९ साली हार्वर्डचा अध्यक्ष झाला, त्याने विषय निवडण्याची मुभा दिली, आणि ज्याने-त्याने वेगळे विषय घेतल्यावर बेरीज करण्यासाठी मोजमाप लागलेच. मग पेन्शनचे श्रेय कशाला? हरकत निम्मी बरोबर आहे. मोजणे आधीपासून होते. पण वाण्याच्या वहीतली उधारी त्याच दुकानात चालते. गावभर चालायला नाणे लागते. हार्वर्डचा हिशेब हार्वर्डपुरता होता. दुसऱ्या संस्थेने तो मुकाट्याने मान्य करावा असे कारण १९०६ पर्यंत कुणाला नव्हते, आणि ते कारण पेन्शनने दिले. श्रेयांकाचा जन्म कुठे झाला हा वाद मी सोडून देतो. तो चलनी कधी झाला एवढाच माझा प्रश्न आहे, कारण एका ठिकाणचा अभ्यास दुसऱ्या ठिकाणी धरला जाणे, हाच या प्रथेचा गाभा.

आपल्याकडे १८५७ साली जी तीन विद्यापीठे आली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. ती शिकवत नसत, परीक्षा घेत. कॉलेजने विद्यार्थ्याच्या ‘टर्म’ भरल्याचा दाखला द्यायचा आणि विद्यापीठाने पेपर काढायचा. १८६२ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या बी.ए. तुकडीत उत्तीर्ण झाले ते याच पद्धतीने. बेंगळुरूचे सेंट्रल कॉलेज आधी मद्रास विद्यापीठाला जोडलेले होते, १९१६ नंतर म्हैसूरला आणि १९६४ नंतर बेंगळुरूला. पाट्या बदलल्या, परीक्षेची रीत तीच राहिली. या घराण्यात हजेरी ही अट असते, कमाई नसते. विलायतेत बॅरिस्टर व्हायचे तर ‘टर्म’ भरण्यासाठी ठरावीक जेवणे जेवावी लागत, हे गांधीजींच्या आत्मचरित्रामुळे आपल्याला ठाऊक आहे. त्या जेवणांतून कायदा शिकला जातो असा कुणाचाच दावा नव्हता.

दोन्ही घराण्यांचा अनुभव एकाच माणसाने घेतल्याचे ठळक उदाहरण म्हणजे डॉ. आंबेडकर. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे अभ्यासक्रमांमागून अभ्यासक्रम घेतले. १९१५ साली एम.ए. झाले. नंतर लंडनला गेले, तर १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्याने काम अर्धवट सोडून परतावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली. ते १९२० साली परतले, १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. त्या मुभेत काय होते हे पाहण्यासारखे आहे: वेळ होता, जागा राखलेली होती, पण झालेल्या अभ्यासाची खात्यावर जमा अशी काही नव्हती. आजच्या नियमांत श्रेयांक साधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. मुदत दोन्हीकडे आहे. एकीकडे ती माणसाच्या जागेला लावलेली, दुसरीकडे त्याच्या कामाला.

परीक्षेच्या घराण्यात बदली अजिबात होत नसे असे नाही. मायग्रेशन सर्टिफिकेट आणि एलिजिबिलिटी यांच्या रांगांत मराठी विद्यार्थ्यांच्या पिढ्या उभ्या राहिल्या. १९२५ साली आंतरविद्यापीठ मंडळ स्थापन झाले, तोच आजचा भारतीय विद्यापीठ संघ. एका विद्यापीठाची पदवी दुसऱ्याने मानावी हे त्याचे एक मोठे काम. पण तिथे चलनाची सर्वांत लहान नोट म्हणजे अख्खे वर्ष किंवा अख्खी पदवी. सुटे मिळत नसत. सुट्याच्या सर्वांत जवळ काही गेले असेल तर ती आपली एटीकेटी. पास झालेले विषय पासच राहतात, राहिलेला विषय पुढच्या वर्षी बरोबर न्यायचा; कर्नाटकात याच सोयीला ‘कॅरी ओव्हर’ म्हणतात. नापासांवर दया म्हणून आलेल्या या सोयीने विषय वर्षापासून सुटा केला, आणि श्रेयांक पद्धतीला त्याहून वेगळे काय हवे असते? एटीकेटीला कुणी शैक्षणिक सुधारणा म्हणत नाही, हा तिच्यावर अन्यायच आहे.

आता शेतीची वाट. १८६२ च्या मॉरिल कायद्याने अमेरिकेत जमिनी देऊन शेती-यंत्रविद्येची विद्यापीठे उभी केली. आपल्या राधाकृष्णन आयोगात (१९४८-४९) आर्थर मॉर्गन आणि जॉन टायगर्ट हे दोन अमेरिकन सदस्य होते, आणि ग्रामीण विद्यापीठांची शिफारस त्या आयोगाने केली. १९५५ साली के. आर. दामले यांच्या अध्यक्षतेखाली भारत-अमेरिका संयुक्त पथकाने तीच कल्पना पुढे नेली. १९६० साली इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने पंतनगरचे कृषी विद्यापीठ झाले. म्हैसूर राज्याच्या वाट्याला टेनेसी विद्यापीठ आले, महाराष्ट्राच्या वाट्याला पेनसिल्व्हेनिया स्टेट. हेब्बाळला के. सी. नाईक पहिले कुलगुरू झाले. राहुरी आणि अकोला त्यानंतर चार-पाच वर्षांत आले. शेतीलाच ही पद्धत का मानवली, याचे उत्तर मला शिवारात दिसते. ज्वारीचा वाफा मार्चमधल्या परीक्षेची वाट पाहत नाही. विद्यार्थ्याने पेरणी केली का, खत वेळेवर दिले का, हे त्या हंगामात बांधावर असलेला शिक्षकच सांगू शकतो. दूरच्या परीक्षकाला उत्तरपत्रिकेतून ते कळायचे नाही. म्हणून गुण शिक्षकाच्या हाती गेले, आणि गुण शिक्षकाच्या हाती गेल्याशिवाय श्रेयांक उभा राहत नाही.

आयआयटी कानपूरचे पाठीराखे इथे उठतील. तिथेही अमेरिकन संस्थांच्या मदतीचा कार्यक्रम १९६२ ते १९७२ चालला, तिथेही श्रेयांक होते. पण दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेला विद्यापीठाचा दर्जा १९५८ साली मिळाला आणि तिथली पदव्युत्तर शाळा रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने त्याच अमेरिकी वळणावर उभी राहिली, म्हणजे कालक्रमही शेतीच्याच बाजूने आहे. शिवाय आयआयटी संसदेच्या कायद्याखालच्या, मोजक्या आणि आपल्यात मग्न. कृषी विद्यापीठे राज्य विधिमंडळांनी, साधारण एकाच साच्यावर केली. सामान्य राज्य विद्यापीठाला उचलता येईल असा नमुना त्यांचाच होता. युरोपची श्रेयांक पद्धत तर १९८९ ची. तोवर हेब्बाळची पंचविशी झाली होती.

मग सेंट्रल कॉलेजने तो नमुना का उचलला नाही? अंतर काही मैलांचे होते. पैसा, विद्यार्थिसंख्या ही कारणे दिली जातात, आणि हजारोंच्या परीक्षा घेणाऱ्या, कॉलेजांना संलग्नता देणाऱ्या विद्यापीठाला अंतर्गत गुण जड जातात हे खरेच. पण मूळ अडचण विश्वासाची होती. लंडनच्या घराण्यात शिक्षकाने आपल्याच विद्यार्थ्याला गुण देणे म्हणजे पक्षपाताला आमंत्रण. ही भीती निराधार नाही. अंतर्गत गुणांची खैरात आपण पाहतोच. पण ती भीती धरून ठेवली तर एका कॉलेजचा श्रेयांक दुसऱ्याने का मानावा, याला उत्तरच उरत नाही.

शेवटी हुकूम वरून आला. अमरावती जिल्ह्यातले सुखदेव थोरात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असताना, अकराव्या योजनेच्या काळात, सत्र आणि श्रेयांकांचा आग्रह विद्यापीठांकडे धरला गेला. २०१५ साली निवडाधारित श्रेयांक पद्धत आली, जुलै २०२१ मध्ये बँक आली. कर्नाटकाने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सर्वांआधी लागू केले आणि सरकार बदलल्यावर २०२४ साली चार वर्षांची पदवी मागे घेतली. राज्याच्या स्वतंत्र शिक्षण धोरणासाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष पुन्हा थोरातच. चौथे वर्ष गेले, श्रेयांक राहिले.

२०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एक श्रेयांक तीस तासांचा, म्हणजे चार श्रेयांकांचा नेहमीचा पेपर १२० तासांचा: कार्नेगीचा आकडा जसाच्या तसा. हा वारसा आहे म्हणण्याचा मोह मोठा आहे, पण कार्नेगीचे तास वर्गातले होते आणि आपल्यात घरचा अभ्यासही धरलेला आहे, म्हणून तो योगायोगच मानावा लागतो. याहून गमतीची गोष्ट ‘स्वयम्‌’ या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचाची. तिथले श्रेयांक या बँकेत जमा होतात, सत्रातल्या चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तसे घेता येतात. पण त्यावरच्या, आयआयटींनी चालवलेल्या एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमात साधारण तीन-चतुर्थांश गुण कशाचे? केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर दिलेल्या अंतिम परीक्षेचे. खाते हेब्बाळच्या घराण्यातले आणि त्यात भरणा लंडनच्या रीतीने.