ताटभर मिसळलेलं धान्य

बंगळूरच्या गांधी बझारातल्या दुकानांत धान्य आता निवडून, पाकिटबंद होऊनच येतं. खडा शोधूनही सापडत नाही. बसवनगुडीच्या एखाद्या घरात मात्र हेच स्वच्छ धान्य मुद्दाम पुन्हा मिसळलं जातं. मूठभर राजमा, मूठभर काबुली चणे, थोडे मूग, थोडे हुलगे. ताट मुलापुढे ठेवायचं, घड्याळ लावायचं आणि म्हणायचं, "निवड." कुकर लावायची घाई कुणालाच नसते, कारण हे निवडणं स्वयंपाकासाठी नाहीच. ज्या मुलाचं लक्ष कशातच टिकत नाही, त्याच्यासाठी तो व्यायाम आहे, आणि तो रुळला लालबागेच्या पलीकडे, होसूर रस्त्यावरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या संस्थेत.

रीत साधी आहे. सुरुवातीला दोनच धान्यं, तीही रंगानं आणि आकारानं वेगळी. किती वेळ लागला आणि किती दाणे चुकीच्या वाटीत गेले, एवढंच लिहून ठेवायचं. वेळ आणि चुका उतरल्या की धान्यांची संख्या वाढवायची, मग एकमेकांसारखी दिसणारी धान्यं घालायची. हुलगे आणि मटकी शेजारी आले की मोठ्यांचीही नजर चाचरते. शेंगदाणे मात्र घालू नयेत असं माझं मत. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बुल टेंपल रोडवर कडलेकाई परिषे ही शेंगांची जत्रा भरते, ढीग लागतात. त्या गावातल्या पोराच्या हातचा दाणा वाटीत पोचण्याची खात्री काय?

या ताटाचं कूळ जुनं आहे, पण तिथे ते शिक्षा म्हणून येतं. रोमन लेखक अपुलेयसच्या दुसऱ्या शतकातल्या गोष्टीत व्हीनस आपल्या नावडत्या सुनेपुढे, सायकीपुढे, मिसळलेल्या धान्याचा ढीग टाकते आणि मुंग्या येऊन तो निवडून देतात. ग्रिम बंधूंच्या सिंड्रेलाला सावत्र आई राखेत डाळ ओतून निवडायला बसवते. तिच्या मदतीला पाखरं येतात. सासू असो की सावत्र आई, हे काम माणसाच्या हातून पुरं होणार नाही हे दोघी गृहीतच धरतात.

शिक्षेचं मोजमाप केलं मानसशास्त्रानं. 1895 साली फ्रान्सच्या बेंजामिन बूर्दोंनं छापील मजकुरातली ठरावीक अक्षरं खोडायला लावून लक्ष मोजायची पद्धत मांडली. अक्षरं खोडणं आणि दाणे वेगळे करणं ही तशी सख्खी भावंडं: हवं ते टिपायचं, नको ते डोळ्यांआड करायचं आणि कंटाळा आला तरी थांबायचं नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात अलेक्सांद्र लुरिया यांनी मेंदूला जखमा झालेल्या सोव्हिएत सैनिकांवर काम केलं. गेलेली क्षमता सरावानं, वेगळ्या वाटेनं परत आणता येते, हा विचार तिथे पक्का झाला. तो निमहान्सच्या न्यूरोसायकॉलॉजी विभागातही आला. 1990च्या दशकात डॉ. शोभिनी राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याला मार लागलेल्या रुग्णांचं अवधान सुधारण्यासाठी सरावाचे पाठ बसवले. परदेशी संगणकी खेळ परवडायचे कुणाला? धान्य तर प्रत्येक घरात होतं.

तिथून ते मुलांकडे आलं. त्याआधी या मुलांच्या दुखण्याचं नाव बदलावं लागलं होतं. 1798 मध्ये अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश वैद्यानं भरकटणाऱ्या लक्षाचं वर्णन केलं होतं, पण ते मागे पडलं. 1902 मध्ये लंडनच्या जॉर्ज स्टिल यांना अशा मुलांत दिसली ती नैतिक संयमाची उणीव. 1968च्या मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात भर होता तो अतिचळवळीवर. मग कॅनडातल्या व्हर्जिनिया डग्लस यांनी 1972 मध्ये दाखवून दिलं, की मूळ अडचण हातापायांत कमी आणि लक्ष टिकवण्यात, आवेग आवरण्यात जास्त आहे. त्याच वर्गीकरणात 1980 मध्ये 'अवधान' नावातच आलं, 1987 मध्ये एडीएचडी ही अक्षरं ठरली. चळवळीलाच रोग मानलं असतं तर मुलाला ताटापुढे बसवायचं कुणाच्या डोक्यात आलं नसतं.

गुण किती येतो? निवडण्यात नक्की येतो. वर्गात, गृहपाठात तो कितपत उतरतो याबद्दल मी जपूनच बोलेन. अशा सरावांवरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये निघाला. त्यात, कुणाला सराव दिलाय हे ठाऊक नसलेल्यांनी मुलं तपासली तेव्हा लक्षणांतला फरक फारच थोडा भरला. औषधाची आणि पालकांच्या प्रशिक्षणाची जागा ताट घेत नाही. ताट फुकट आहे, आणि आई किंवा बाप वीस मिनिटं न रागावता शेजारी बसतो, हा माझ्या मते त्यातला मोठा भाग.

मला खटकतं ते वेगळंच. बंगळूरच्या शहरी-ग्रामीण मुलांचा निमहान्सच्या संशोधकांनी केलेला अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन हजारांवर मुलं पाहिली, त्यांत अतिचंचलतेचं निदान शंभरात दोघांनाही झालं नाही. जगभर या निदानात मुलगे जास्त, कारण धावणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली मुलगी दिसत नाही. आणि निवडायला तर पिढ्यान् पिढ्या तिलाच बसवलं होतं, घड्याळाशिवाय, वहीशिवाय. तिच्या चुकांची नोंद जेवणाच्या पंगतीत व्हायची. दाताखाली खडा आला, की कुणीतरी विचारायचं, "आज तांदूळ त्या वेंधळीनं निवडले का?"