वुडकॉक (अमेरिकी) : जखमी व पोरक्या पक्ष्यांचे पुनर्वसन

पूर्व उत्तर अमेरिकेतील, पाणलाव्याच्या कुळातला हा जंगलवासी पक्षी (स्कोलोपॅक्स मायनर) रात्री स्थलांतर करतो. वसंतात उत्तरेकडे जाताना न्यूयॉर्क, शिकागो यांसारख्या शहरांतील दिवे त्याला भुलवतात आणि तो काचांवर आदळतो. डोक्याला मार, चोचीला व पंखांना इजा हे नेहमीचे प्रकार. न्यूयॉर्कच्या वाइल्ड बर्ड फंडसारख्या केंद्रांत असे पक्षी उपचारांसाठी येतात. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्यानुसार परवान्याविना हा पक्षी पाळता येत नाही.

खरी कसोटी आहाराची. लांब चोचीचे लवचीक टोक मातीत खुपसून तो गांडुळे टिपतो. भांड्यात ठेवलेले अन्न त्याला बहुधा अन्न वाटतच नाही. म्हणून ओलसर मातीच्या ट्रेमध्ये जिवंत गांडुळे सोडावी लागतात, आणि ती भरपूर लागतात. घाबरल्यास तो सरळ वर उसळतो, त्यामुळे पिंजऱ्याचे छत मऊ कापडाचे हवे. शांतता व आडोसा औषधाइतकेच मोलाचे.

जमिनीवर एकटे दिसलेले पिल्लू पोरके असेलच असे नाही. पंख मोडल्याचे सोंग करून मादी शत्रूला दूर नेते आणि मग परतते. तिला तेवढी सवड द्यायलाच हवी. खरोखर पोरक्या पिल्लांना ऊब द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात आई भरवते, म्हणून सुरुवातीला गांडुळांचे तुकडे चिमट्याने भरवतात. साधारण दोन आठवड्यांत ती थोडे उडू लागतात. बरे झालेले पक्षी उंच इमारतींपासून दूर, मऊ मातीच्या दमट झाडोऱ्यात सोडतात.