बारा सह्या

बाक अरुंद आहे. तुम्ही बारा जण खांद्याला खांदा घासत बसला आहात. अमेरिकेतलं सेलम, 1692 चा जून सरत आलाय, जाड कपड्यांत घाम मुरतोय. घरची कामं टाकून तुम्ही ज्यूरीत बसलात.

समोर रिबेका नर्स. वय 71, कानांनी अधू. तिच्या चांगुलपणाची ग्वाही देणाऱ्या अर्जावर 39 शेजाऱ्यांनी सह्या केल्यात. गावात चेटकाचं भय असं पेटलेलं असताना आरोपीच्या बाजूने नाव लिहायचं, म्हणजे उद्या आपल्याच दारात शिपाई. तिच्याविरुद्ध काय, तर पोरींच्या किंकाळ्या. रिबेकाची छाया आपल्याला चिमटे काढते, गळा दाबते, असं त्या सांगतात. छाया दिसते फक्त त्यांनाच, आणि कोर्ट ती पुराव्यात धरतं. नर्सांच्या घरातल्या साराने मात्र वेगळंच पाहिलंय: साक्षीला आलेल्या एका बाईने कपड्यातून टाचण्या काढल्या, स्वतःच्याच गुडघ्यात खुपसल्या आणि रिबेकाने टोचलं म्हणून ओरडली.

तुम्ही आत जाता, बोलता, बाहेर येता. निकाल: निर्दोष.

कोर्टात एकच आकांत उसळतो. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टाउटन म्हणतात, ज्यूरीवर मला काही लादायचं नाही. (लादायला सुरुवात बहुधा याच वाक्याने होते.) पण, ते पुढे विचारतात, कबुली दिलेल्या एका कैदी बाईला साक्षीला आणलं तेव्हा रिबेका तिला आपल्यातली म्हणाली, त्याचा विचार केलात का? आपल्यातली म्हणजे चेटकीण, की आपल्यासारखी कैदी?

पुन्हा आत. एकमत होईना. तुमचे म्होरके टॉमस फिस्क बाहेर येऊन तिलाच विचारतात. ती गप्प.

इथे थांबा. तुम्ही सव्वातीनशे वर्षं पुढून आलात, तुम्हाला ठाऊक आहे: तिला प्रश्न ऐकूच आलेला नाही. नंतर ती लिहून देईल की बरोबरीची कैदी एवढाच माझा अर्थ होता. कान अधू, त्यात मन दुःखाने भरलेलं, म्हणून उत्तर राहिलं. दोन पावलं तिच्याजवळ जायचं आणि तोच प्रश्न मोठ्याने विचारायचा, एवढंच. पण न्यायाधीश वाट बघताहेत. शिवाय फिस्कनी विचारलंय ना एकदा? आपणच कशाला पुढे व्हायचं? तुम्ही बाकावरून उठत नाही.

निकाल: दोषी. 19 जुलैला फाशी.

आता 22 जानेवारी 1953, न्यूयॉर्कचं नाट्यगृह. आर्थर मिलरच्या ‘द क्रूसिबल’ या सेलमवरच्याच नाटकाचा पहिला प्रयोग. क्रूसिबल म्हणजे सोनाराची मूस. मुशीत घातलाय सेलमचाच एक आरोपी, जॉन प्रॉक्टर. खरा प्रॉक्टर साठीच्या घरातला, त्याने कबुली कधी दिलीच नाही. नाटकातला तिशीतला, तो कबुलीवर सही करतो आणि कागद चर्चच्या दारावर लागणार म्हटल्यावर फाडून टाकतो. सेलमची अट होतीच तशी उलटी. चेटूक कबूल करून त्या कबुलीवर टिकलेल्यांपैकी एकालाही 1692 मध्ये फाशी झाली नाही. फासावर गेले ते 19 जण नाकारणारे होते, किंवा दिलेली कबुली मागे घेणारे. खोटं बोलेल तो जगेल. नाटकानंतर तीन वर्षांनी, 1956 मध्ये, कम्युनिस्टांना हुडकणाऱ्या अमेरिकी संसदेच्या समितीने खुद्द मिलरकडे इतरांची नावं मागितली. त्याने दिली नाहीत.

प्रॉक्टरला टाळ्या पडतात, पडाव्यातच. तरी मला विचाराल तर त्याची कसोटी त्यातल्या त्यात सोपी: आपली कसोटी चाललीय हे त्याला कळतं. बाकावरच्या बारा जणांना वाटलं, आपण फक्त एक शंका फेडून घेतोय. त्यांचा प्रसंग मिलरने रंगमंचावर आणलाच नाही. तुमची जागा तिथे नव्हती.

तेव्हा परत चला. 1697. टेबलावर माफीचा कागद आहे. आम्हाला समजलं नाही, आम्ही भ्रमात वाहवलो, निरपराधांचं रक्त आमच्या माथी आलं असं त्यात लिहिलंय. म्होरके म्हणून फिस्क सही करतात, मग बाकीचे. दौत सरकत सरकत तुमच्यापाशी येते. आज कोणी किंचाळत नाही, कोणी घाई करत नाही. खोलीत फक्त लेखणीची कुरकुर.